पानातली खाच

पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा मी एका नवरीच्या ब्लाउजचा गळा कापत होते. गळा कापताना मी फोन घेत नाही. एकदा घेतला होता, तर एका बिचारीला भर मांडवात पदर पिना लावून सांभाळावा लागला. पण पडद्यावर साताऱ्याचं नाव दिसलं, आणि साताऱ्याहून मला फोन येतो तो कुणी गेलं तरच, म्हणून कात्री तशीच कापडात ठेवून घेतला. वीरधवल हे आमच्या साताऱ्याच्या चर्चचे नवे पाळक. नाव असं, आणि आवाज दुधावर साय धरावी तसा. "मनूबाई मावशी, सलाम. बसलाय ना?" म्हणाले. मी म्हटलं, "बसून कापड कापत नाहीत. बोला." मग ते जरा खाकरले. चर्चला शंभर वर्षं होतायत, रविवारी मोठी उपासना आहे, त्यासाठी आपल्या प्रभुभोजनाच्या मेजाचा फोटो फेसबुकवर टाकला होता. तुमच्या आईंनी भरतकाम केलेला कपडा, पुढच्या बाजूला जैतुनाचं हिरवं पान, सगळं छान दिसत होतं. "तर त्याखाली आफ्रिकेतून एका बाईंनी लिहिलंय," आणि इथं त्यांचा आवाज आणखी मऊ झाला, "की आमच्या वडिलांच्या मेंढीचा कान तुमच्या मेजावर काय करतोय?"

शबाना माझ्या दुकानात पिकोच्या मशीनवर बसते, गेली सोळा वर्षं. तिनं मशीन थांबवलं, कारण मी काहीच बोलत नव्हते, आणि मी काहीच बोलत नाही असं सांगलीत फारसं कुणी पाहिलेलं नाही. पाळकसाहेब पुढं बोलतच होते. लेसोथो म्हणून देश आहे, तिथल्या डोंगरातल्या त्या बाई, पालेसा नाव, शाळेत शिकवतात. त्यांचे वडील मोलेफी मेंढपाळ. त्यांच्या कळपात काही मेंढरं दुसऱ्याची आहेत, एका भारतीय उपदेशकानं सांभाळायला दिलेली, आणि त्यांच्या डाव्या कानाला ही अशी अर्धचंद्राची खाच असते. मालकीण मनू. "म्हणजे तुम्ही, मावशी?" आता मोलेफी थकलेत, मुलांना मेंढरं विकून खाली शहरात जायचंय, पण म्हातारा अडून बसलाय. मालकिणीला विचारल्याशिवाय तिच्या मेंढराला हात लावायचा नाही, तिकडचा रिवाज आहे. शनिवारी चार वाजता व्हिडिओ कॉल करायचा म्हणतायत. "आणि अजून एक छोटं काम होतं. कमिटीत चर्चा झाली. मेजावर मेंढीचा कान म्हणजे... लोक हसतील हो. तुम्ही शिवणकामातल्या. ती खाच तेवढी हिरव्या दोऱ्यानं बुजवून देता येईल का? म्हणजे नुसतं पान राहील."

मी म्हटलं, "खाच बुजवून देते. आणि त्या बाईंना कळवा, मनू मेली." फोन ठेवला. गळा कापून पुरा केला, सरळ आला, हात अजिबात हलला नाही, त्याचा मला थोडा अभिमानही वाटला. शबाना म्हणाली, "आवं ताई, काय बोलताय वो ह्ये? जित्या मानसानं सोताला मेलं म्हनू ने. तौबा करा." मी तिला सगळं सांगितलं, तर पहिल्यांदा ती पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "म्हंजे तुमच्या अब्बांनी तुमच्यासाठी मेंढरं ठेवलीत? परदेशात? आनि तुमी मेला म्हनून सांगताय? माझ्या अब्बांनी मला ह्यो शिलाईचा अंगठा दिलाय फकस्त," आणि अंगठ्यावरचा घट्टा तिनं मला दाखवला, जणू मी तो रोज बघत नव्हते.

शनिवारी सकाळी सांगलीच्या स्टँडवरून साताऱ्याची गाडी धरली. पिशवीत हिरव्या दोऱ्याच्या तीन लड्या होत्या, कारण चाळीस वर्षं धुतलेल्या हिरव्याला आजचा कुठला हिरवा जुळेल हे कपडा समोर असल्याशिवाय सांगता येत नाही; सुई, छोटी कात्री, चष्मा. खिडकीची जागा मिळाली. पेठनाक्यापर्यंत मी दोऱ्यांचाच विचार करत होते, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मी आप्पांचे खांदे बघत होते. माझे वडील, नाथाजी कोळेकर, जन्मानं माणचे धनगर. विशीत पायाला सर्प चावला, मिशनच्या दवाखान्यात तीन महिने पडून राहिले आणि उठले ते प्रभूचे होऊनच उठले. घरच्यांनी वाळीत टाकलं, मिशननं झाडलोटीला ठेवलं, पुढं उपदेशक केलं. माझी आई चंद्राबाई मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली, स्वच्छ बोलणारी, मडमांकडून भरतकाम शिकलेली. तिला धनगर म्हणजे रस्त्यानं जाणारी मेंढरं एवढंच ठाऊक. आप्पा गावाकडचं कधी बोलत नसत. फक्त थंडीत आईनं शिवलेली गोधडी बाजूला सारून आपली काळी घोंगडी ओढत. ती पावसात भिजली की घरभर असा वास सुटायचा की आई उदबत्ती लावायची, आणि मग ख्रिस्ती घरात उदबत्ती लावली म्हणून दोघांचं भांडण व्हायचं.

मी दहा वर्षांची असताना मिशनला कुठून तरी पत्र आलं. आफ्रिकेतल्या डोंगरात मेंढपाळांची वस्ती आहे, बर्फ पडतं, पाद्री टिकत नाहीत. कमिटी बसली. कमिटीचं डोकं कसं चालतं ते मी आयुष्यभर पाहिलंय. तिकडं मेंढपाळ, आपल्याकडं एक मेंढपाळ, द्या पाठवून, जसं काही एकाच मापाचं बटण. आप्पा जातो म्हणाले. आईनं काय म्हटलं मला आठवत नाही. मला आठवतं की मी त्यांच्या ट्रंकेवर बसले होते, आणि त्यांनी मला न रागावता ट्रंकेसकट उचलून बाजूला ठेवलं, कारण खाली चपला राहिल्या होत्या. घोंगडी त्यांनी खांद्यावरच घेतली. तीन वर्षं म्हणून गेले आणि दहा वर्षांनी आले.

निळी एरोग्रामं यायची, महिन्या-दोन महिन्यांनी. आईला वाचता यायचं, पण ती माझ्याकडून वाचून घ्यायची, म्हणजे तिला हातातलं शिवण सोडावं लागत नसे आणि रडायला मोकळीक मिळत असे. पत्रात प्रभूची कृपा असायचीच, पण खाली आप्पांमधला धनगर बोलायचा. इथले लोक रंगीत ब्लँकेट पांघरतात, आपल्या घोंगडीसारखं, उन्हातसुद्धा. माझी घोंगडी हातात घेऊन बघतात, वास घेतात आणि हसतात. दगडाची गोल खोपटी आहेत. पहिलं वर्षभर कुणी वचन ऐकायला आलं नाही. मग एकाच्या मेंढीचं खूर सडलं होतं ते मी बरं केलं, तेव्हापासून माणसं येतात, पण आधी मेंढरं दाखवतात. यंदा बाप्तिस्मे तीन, आणि मेंढरं बरी केली ती वेगळी. एकदा लिहिलं होतं, त्यांना हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली, तर सगळे हसले. म्हणाले, नव्याण्णव मेंढरं बर्फात उघड्यावर टाकून एका मेंढरामागं जाणारा माणूस मेंढपाळ नाही, खुळा आहे. आप्पांनी लिहिलं होतं, 'मला पण खरं तर पहिल्यापासून असंच वाटत आलं आहे. पण मी त्यांना उत्तर दिलं. ते भेटीअंती सांगीन.' भेटीअंती त्यांनी सांगितलं नाही. त्या वयात मात्र मी ते वाचताना मनात म्हटलं होतं, आमच्या आप्पांनी गोष्ट उलटी केली, एकीला टाकून नव्याण्णवांमागं गेले. आणि हे वाक्य मला इतकं आवडलं की ते मी आत जपून ठेवलं, त्याला ऊन दाखवलं, घडी घालून परत ठेवलं. पंचेचाळीस वर्षं. माझ्याकडचं सगळ्यात टिकलेलं कापड तेच.

कराडच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता. उन्हात उसाचा गोडसर, करपल्यासारखा वास येत होता. आप्पा तिकडं मेंढक्यांना अक्षरं शिकवत होते, दगडावर कोळशानं, असं एका पत्रात आलं होतं. ते पत्र मी आईला वाचून दाखवलं त्याच महिन्यात माझी शाळा सुटली. आईचे डोळे भरतकामानं जायला लागले होते, मिशनचे कपडे शिवून द्यायचे होते, आणि आठवी म्हणजे मुलीला पुष्कळ झालं असं बोर्डिंगातल्या मोठ्या बाईंचं मत पडलं. पुढं जे वाचलं ते बेतायच्या कागदांवर वाचलं. ब्लाउजचे नमुने आम्ही जुन्या वर्तमानपत्रांवर काढायचो. बाहीच्या गोलाईत बातमी अर्धी कापली जायची, उरलेली मी मनानं पुरी करायचे. इंग्रजी शिकले ते शिलाई मशीनच्या माहितीपत्रकातून, त्यामुळं अजूनही माझं इंग्रजी तेल घाला आणि चाक उलटं फिरवू नका, अशा सुरात चालतं. हे सगळं मी हसत सांगते, लोकही हसतात. पण कोळशानं अक्षर काढणारा आप्पांचा हात, आणि त्या हाताखाली दुसऱ्या कुणाचं तरी वाकलेलं डोकं, हे चित्र मला कधी हसत सांगता आलं नाही.

आणि पत्राच्या शेवटी, सहीच्या जागी, ते पान. दुसऱ्या वर्षापासून सुरू झालं. लांबट, एका टोकाला निमुळतं, आणि डाव्या कडेला नखानं कोरावी तशी अर्धगोल खाच. खाली काही लिहिलेलं नाही. आईनं पहिल्यांदा पाहिलं आणि क्षणात ओळखलं. जलप्रलय ओसरल्यावर कबुतरानं चोचीत आणलेलं जैतुनाचं पान, आणि ही खाच म्हणजे कबुतराची चोच बसली ती जागा. "तुझे आप्पा म्हणतायत, पाणी ओसरेल, धीर धरा," ती म्हणाली. आम्ही तिघं तर सोडाच, साताऱ्यात कुणी जैतुनाचं झाड पाहिलेलं नव्हतं. आईनं ते पान पोस्टकार्डावर गिरवून घेतलं, मग मोठं केलं, मग मिशननं दिलेल्या पांढऱ्या लिननवर सात महिने भरलं. लांब-आखूड टाका, चार छटांचा हिरवा, आणि खाचेच्या कडेला तर इतके बारीक टाके की मडमेनं भिंग लावून बघितले. तो कपडा मेजावर चढला. तीन पाळक आले नि गेले. तिघांनी त्या खाचेवर प्रवचनं केली. कृपेची खूण, एकानं म्हटलं होतं. दुसऱ्यानं, भक्ताचं जखमी हृदय. मी मागच्या बाकावर बसून ऐकायचे आणि मलाही पटायचं.

अठराव्या वर्षी माझं लग्न झालं, सांगलीत दिलं. लग्नाला आप्पा आले नाहीत. पत्र आलं, सगळ्यात लहान. 'मनूस आशीर्वाद.' आणि खाली उरलेल्या सगळ्या कागदभर ते पान, इतकं मोठं काढलेलं की त्याच्या शिरा दिसत होत्या. मला वाटलं, दोन शब्द जास्त लिहायला जड गेले, म्हणून चित्र काढलं. पेटीच्या तळाला टाकलं मी ते. दोन वर्षांनी ते परत आले, फुफ्फुसं खराब करून घेऊन. मला बघायला सांगलीला आले. आमचं सासरचं घर लांबट होतं, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत अंधारी बोळकांडी. मी आत भाकरी थापत होते. दारातून हाक आली, "मनूऽ, ए मनूऽ." मेंढरांना घालतात तशी, शेवटाला वर चढणारी. माणसं अशी हाक मारत नाहीत. मी ऐकली. माझ्या हातावर पिठाचा गोळा होता, तो मी नीट गोल केला, थापला, तव्यावर टाकला, पाणी फिरवलं. ओ दिली नाही. त्यांनी परत एकदा हाक मारली. सासूबाई बाहेर गेल्या, त्यांना बसवलं, चहा माझ्या हातून गेला, मी पाया पडले, सगळं रीतीप्रमाणं झालं. ओ तेवढी दिली नाही. आप्पांनी माझ्या मुलीला, आठ महिन्यांची होती, मांडीवर घेतलं, तिच्या डाव्या कानाची पाळी बोटांत धरून उगाच कुरवाळत राहिले. दीड वर्षानं गेले.

उंब्रजच्या पुढं गाडी थांबली. मेंढरं आडवी आली होती. फेब्रुवारी आहे, माणच्या बाजूचे धनगर ऊस तोडलेल्या खोडव्याच्या रानांत उतरलेले असतात. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मेंढक्यानं हात वर केला, "आरं थांब की रं गड्या, इमान चुकतंय व्हय तुजं?" अख्खी गाडी हसली. मी खिडकीतून वाकले. पंचावन्न वर्षांत मी किती मेंढरं पाहिली असतील. कान कधी पाहिले नव्हते. प्रत्येकाला काहीतरी होतंच. कुणाचं टोक कापलेलं, कुणाला मधोमध चीर, एकीच्या दोन्ही कानांना दोन बारीक दात. मी मेंढक्याला विचारलं, "मामा, ह्या कानांच्या खुणा?" तो म्हणाला, "मालकाची खून न्हाई का. माजी चीर हाय. ती दोन दाताची माज्या भावाची." मग बारक्या, डाव्या कानाला अर्धगोल घेतलेल्या एका मेंढीकडं बोट करून, "ही लेकीची. लेक झाली की एक मेंढी तिच्या नावानं सोडायची, कान येगळा करायचा. तिची पिल्लं बी लेकीचीच. लगीन झालं की संगं लावून द्यायची." मी काही म्हणायच्या आत गाडी हलली. तो ओरडला, "का वो, घेताय का काय?" आणि मी, काय वेडं असतं बघा, मानेनं नाही म्हटलं, म्हणजे नकोत, मला आहेत.

मग उरलेला सगळा रस्ता मला आप्पांचे खांदे दिसत राहिले. ते परत आल्यानंतरच्या पहिल्या नाताळची गोष्ट. सगळं चर्च भरलेलं, त्यांना पुढच्या बाकावर मानानं बसवलं होतं. मी मागं, लेक मांडीवर. मेजावरचं मखमली झाकण पाळकांनी काढलं आणि खाली तो कपडा, आप्पांनी पहिल्यांदाच पाहिलेला. त्यांचे खांदे हलायला लागले. आधी थोडे, मग जोरात. त्यांनी घोंगडीचं टोक तोंडात कोंबलं. शेजारच्या साळूबाई हुंदके द्यायला लागल्या, मग त्यांच्या मागच्या, मग अर्धं चर्च रडलं. आई जन्मभर सांगायची, "तुझ्या आप्पांना त्या पानापुढं रडू फुटलं." मी तेव्हा बाकावर बसून मनात म्हटलं होतं, रडा आता. आणि आज, नागठाण्याच्या फाट्यावर, पंचेचाळीस माणसांच्या गाडीत मला कळलं की माणूस रडताना घोंगडी तोंडात कोंबत नाही. आप्पा हसत होते. स्वतःच्या मेंढीचा कान, चार छटांत, सात महिने खपून, प्रभूच्या मेजावर. आणि त्यांना ते सांगताही येत नव्हतं. मिशनच्या माणसानं तिकडं स्वतःची जनावरं करायची नाहीत असा नियम होता, धनगराचे रिवाज तर त्यांनी केव्हाच सोडलेत असं सगळ्यांना सांगितलं होतं. आणि आई. दिवसेंदिवस आंधळी होत चाललेली आई त्यांचा हात धरून विचारत होती, "आवडलं?" ते म्हणाले होते, "लय." तो एकच शब्द. ते शुद्ध बोलायचे मिशनच्या कंपाउंडात, पण तेव्हा लय म्हणाले. मला हसू आलं आणि ते थांबेना. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय झालं हो, रडताय?"

चर्चात कुणी नव्हतं. वीरधवल पाळकांनी मला मेजाजवळ खुर्ची दिली, चहा दिला, माझी सावली कपड्यावर पडत नाही ना ते पाहिलं. भला मुलगा आहे. "मावशी, मी त्यांना तुम्ही गेलात असं कळवलं नाही हां. खोटं मला जमत नाही." मी म्हटलं, "मग कानाला पान म्हणणं कसं जमणार होतं?" ते लाल झाले. "कमिटी हो," म्हणाले. मी चष्मा लावला. तीन लड्यांतली मधली बरोबर जुळली. जवळून आईचे टाके बघितले. खाचेच्या कडेनं एक-एक टाका दुसऱ्यात अर्धा शिरलेला, जणू तिला भीती होती की ही जागा उसवेल. न बघितलेल्या कानाला तिनं न बघितलेल्या पानाएवढं जपलं होतं. मी काम घेऊन आले होते. घेतलेलं काम मी परत करत नाही. सुईत दोरा ओवला आणि खाचेच्या वरच्या टोकाला एक टाका घातला. चांगला बसला. अजून वीस-पंचवीस घातले की झालं असतं. कुणाला कळलं नसतं. पाळकांचा फोन वाजला.

पडद्यावर आधी नुसतं आभाळ, मग पालेसाबाई, चाळिशीतल्या, वाऱ्यानं शब्द उडत होते. मग त्यांनी फोन फिरवला. उघडा हिरवा डोंगर, त्यामागं आणखी डोंगर, आणि दगडावर बसलेला एक म्हातारा, उन्हात ब्लँकेट पांघरलेला, गवताची टोकदार टोपी. त्याच्या मांडीवर, घडी करून, काळं काहीतरी. मला चष्म्यातून नीट दिसायच्या आधी वास आला, खरंच आला. आप्पांनी एक घोंगडी तिकडं ठेवली होती. घरी आलेली दुसरी असणार, वाटेत कुठं घेतलेली. मोलेफींनी फोन जवळ ओढून माझा चेहरा बघितला. मग बोलले, आणि पालेसाबाई सोपं इंग्रजी करत गेल्या, तेल घाला छापाचं, मला समजेल असं. न्ताते नाथानं, म्हणजे नाथाबाबानं, एका मेंढीला खाच केली तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. म्हणाला, ही माझ्या मनूची. तू सांभाळ. लोकर तुझी, दूध तुझं, पिल्लं तिची. ती येईल किंवा बोलावील. आम्ही त्याच्या गोष्टीला हसायचो, नव्याण्णव सोडून एकीमागं जाणाऱ्याच्या. त्यानं सांगितलं, तुम्ही हसता, कारण तुम्हाला वाटतं सगळी मेंढरं एकाच मालकाची होती. ती एक लेकीच्या खुणेची होती. लेकीचं मेंढरू हरवलं तर बाप घरी कसा जाईल? "तेव्हा आम्ही हसायचं थांबलो," पालेसाबाईंनी सांगितलं. "वडील म्हणतात, ते कारण आम्हाला समजलं."

पाळकसाहेब चहाचा कप धरून माझ्या मागं उभे होते. मोलेफींनी विचारलं, मुलगे विकतो म्हणतात. या मोसमाच्या पिल्लांचे कान अजून कापलेले नाहीत. मालकीण नसेल तर मुलांची खूण करतो. तू काय म्हणतेस? मी तोंड उघडलं, पण मी काही म्हणायच्या आधी ते उठले, कदाचित मला माझी मेंढरं दाखवावीत म्हणून, आणि डोंगराकडं तोंड करून, तोंडाला दोन्ही हात लावून त्यांनी हाक घातली.

"मनूऽ. ए मनूऽ."

शेवटाला वर चढणारी. माणची. तीच. पालेसाबाईंनी घाईनं सांगितलं, "पुढं चालणारी मेंढी असते ना, तिचं नाव. एक म्हातारी झाली की दुसरी. सगळ्या मनूच." उतारावर पांढरे ठिपके होते, ते थांबले. एकानं मान वर केली. सगळा कळप त्या एका मेंढीच्या मानेकडं बघत थांबला होता आणि ती अजून विचार करत होती, यावं का न यावं. मोलेफींनी परत हाक मारली.

"ओ," मी म्हटलं.

मोठ्यानं निघालं. चर्चात घुमलं. पाळकसाहेब दचकले, चहा सांडला, बरं झालं कपड्यावर नाही. तिकडं म्हातारा वळला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मराठी तर नाहीच, पण हे काय होतं ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही. त्यानं टोपी काढली. मी म्हटलं, "पालेसाबाई, सांगा त्यांना. आहे मी. विकायची नाहीत. पिल्लांचे कान माझ्या खुणेनं करा. मुलगे गेले तर तुम्ही सांभाळा, लोकर तुमची, दूध तुमचं." हे मी मराठीतच बोलले होते, पाळकांनी त्याचं इंग्रजी केलं, आणि मला वाटतं पुष्कळ बरं केलं. मेंढी तोपर्यंत निघाली होती, खाली, सावकाश, मागं सगळ्यांना घेऊन.

फोन बंद झाल्यावर मी चष्मा पुसला. छोटी कात्री घेतली आणि मघाचा तो एक टाका कापून, सुईच्या टोकानं हळूच वर काढला. चांगला घट्ट बसला होता, निघता निघेना. पाळकसाहेबांनी विचारलं, "म्हणजे मावशी, रविवारी कमिटीला काय सांगायचं?" मी म्हटलं, "सांगा, शिलाईवालीनं काम परत केलं. आणि झाकण काढाल तेव्हा पुढच्या बाकावर जागा ठेवा. मी येणार आहे." ते म्हणाले, "आणि कुणी हसलं तर?" मी खाचेच्या कडेवरून बोट फिरवत होते, आईचे टाके एकेक बोटाखालून जात होते. "हसू द्या की," मी म्हटलं, "त्या कपड्याला आधीच एक माणूस हसून गेलाय."